देवकी पाडेलीण आणि विमानातली बाई

गोवा राज्य झालं त्याच पावसाळ्यात बाबुराव माडावरून पडला. पार्से गावात त्या वर्षी या दोन्ही गोष्टी लोक एका दमात सांगत आणि वर हसत. बाबुरावच्या कानावर ते गेलं तेव्हा तोही हसला होता म्हणतात. पण ते म्हापशाच्या इस्पितळात, पहिल्या दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितलं की काठी घेऊन चालता येईल, पण माड आता विसरायचा. तिथून पुढे तो हसायचा थांबला.

माडावर चढून नारळ काढणारा तो पाडेली. बाबुराव वाड्यावरचा, म्हणजे त्या वस्तीचा, पाडेली होता, त्याचा बाप पाडेली होता, आणि बापाचा बापही. लांबलचक हात, तळव्यांना बोटभर जाड घट्टे, पायात अडकवायचं काथ्याचं कडं आणि कमरेला कोयता, एवढाच त्यांचा संसार. पण या घराला एक मान होता. देवळामागे देवीचा म्हणून एक माड आहे, भलताच उंच. वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही. पौषातल्या जत्रेच्या सकाळी बाबुरावच्या घरातलं माणूस त्यावर चढतं, पहिला घोस दोरीने खाली सोडतं, आणि तो घोस जमिनीला न टेकता हातोहात देवीपुढे जातो. ज्या घराचा हा मान, त्याच घराला वाड्यावरच्या सगळ्या भाटांतलं, म्हणजे माडबागांतलं, नारळ पाडायचं काम. एक वर्ष जरी घरातलं कोणी चढलं नाही, तरी मान दुसऱ्या घरी जातो आणि गेलेला मान परत आल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

बाबुराव खाटेवर पडून याचाच विचार करत असे. दोन मुलं, दोन्ही अजून पाटी-पेन्सिलीची. भाऊ नाही. पौष सहा महिन्यांवर.

देवकी त्याची बायको. हळर्णची, किल्ल्याच्या पडक्या तटाखाली माहेर. अंगाने काटकुळी, बोलण्यात चुणचुणीत, आणि एका बाबतीत फारच त्रासदायक बाई. तिला अर्धवट गोष्ट चालत नसे. शेजारची लक्ष्मी विहिरीवर काही सांगायला लागली आणि मध्येच कळशी भरून निघाली, तर देवकी तिच्यामागे तिच्या दारापर्यंत जायची, मग पुढे काय झालं म्हणून. लक्ष्मी वैतागून म्हणायची की हिला सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं. पण सांगायचीच, कारण इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कोणी वाड्यावर नव्हतं.

श्रावणात एकदा देवकी गौरेशच्या दुकानातून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन आली. घरी पुडी सोडली, सुंगटं सुपात ओतली आणि कागद चुलीत घालणार तोच तिचा हात थांबला. कागदावर एक छायाचित्र होतं. छोटंसं विमान, आणि त्याच्या पंख्यावर हात टेकून उभी असलेली एक बाई. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सारलेला, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चेहऱ्यावर असा भाव की विमान तिच्या परसात बांधलेली म्हैस असावी. देवकीने कागद पदराने पुसला, जनेलातून येणाऱ्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. सुंगटं मांजराने पळवली.

ती तशीच उठून गौरेशकडे गेली. ज्यातलं ते पान होतं ते पुस्तक गल्ल्याखाली होतं, म्हणजे त्याचं उरलंसुरलं. गौरेश पुढून आणि मागून, जिथे हात पडेल तिथून पान फाडत असे, त्यामुळे त्याला आता आगापिछा राहिला नव्हता. नाव काय होतं, देव जाणे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिणारीचं नाव तेवढं होतं, प्रभावती हेर्लेकर. देवकीने दोन नारळ देऊन ते घेतलं.

तिने ते खाटेशी बसून वाचायला घेतलं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती, त्यामुळे एकेक अक्षर बोटाखाली धरून पुढे सरकायची. बाबुराव सातवी पास. त्याने भिंतीकडे तोंड करून दोन ओळी सहन केल्या, चार केल्या, शेवटी वळला.

"वाचतंस काय कुळीथ निवडतंस?" म्हणाला. "हाड हंय." त्याने पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं.

मला वाटतं देवकीने ते मुद्दाम केलं. ती मात्र मरेपर्यंत नाही म्हणाली.

मग रोज दुपारी जेवणं झाली की तो वाचायचा आणि ती झावळ्यांचे हीर काढत ऐकायची. ही प्रभावती हेर्लेकर कोल्हापूरकडच्या एका मास्तराची मुलगी. गावातल्या लोकांनी हिच्या लग्नाचं बघायला सुरुवात केली तेव्हा ही विमान शिकायला निघून गेली. शिकली, आणि एक दिवस एका इंजिनाच्या, दोन माणसं जेमतेम बसतील अशा विमानात एकटी बसून समुद्रावरून पार मस्कतपर्यंत जायला निघाली. कशाला, असं लोकांनी विचारलं तेव्हा तिने दिलेलं उत्तर गौरेशने कोणाच्या तरी गुळाला गुंडाळलं होतं. देवकीला त्याची चुटपुट लागून राहिली.

पण जे होतं तेच इतकं होतं की दोघांनाही दुपार पुरेना. उडण्याआधी ही बाई विमानाभोवती फिरून एकेक खिळा हाताने चाचपायची. बाबुरावही माडाला हात लावण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी मारायचा. एके ठिकाणी तिने लिहिलं होतं की किनाऱ्याकिनाऱ्याने उडताना खाली माडांची रानं दिसली, आणि वरून पाहिलं तर माड चांदणीसारखा दिसतो, जमिनीवर मांडून ठेवलेल्या हिरव्या चांदण्या. देवकीच्या हातातला हीर तसाच राहिला. जन्मभर ती माडांखाली वावरली होती. माड म्हणजे खांब आणि वर कुठेतरी हलणाऱ्या झावळ्या, एवढंच तिला ठाऊक होतं.

"खरां?" तिने नवऱ्याला विचारलं.

"खरां," तो म्हणाला. "शेजारचे धाकटे माड तशेच दिसतत."

"पंधरा वर्सां झाली लग्नाक. माका कधी सांगलास नाय."

पुस्तकात लिहिण्याजोगी ही गोष्ट आहे, हे बाबुरावलाही आत्ताच कळत होतं.

आणखी दोन दिवसांनी तो वाचता वाचता थबकला. प्रभावतीने लिहिलं होतं की नवखा माणूस विमानाचा दांडा घट्ट आवळून धरतो, आणि जितका आवळतो तितकं विमान डगमगतं. हात सैल ठेवला की ते आपोआप सरळ जातं. बाबुरावने ते दोनदा वाचलं. मग पुस्तक छातीवर ठेवून आढ्याकडे पाहत राहिला.

"ही बाय माडार चडलेली असा," शेवटी म्हणाला.

"कशी?"

"माडाक मिठी मारलंय की माणूस अर्ध्यात दमता. हात सैल होयो, आंग मागे होया. माझो बापूस ह्याच सांगी. हिका कोणी सांगला?"

त्या दिवसापासून तो प्रभावतीचं नुसतं नाव घेईनासा झाला. प्रभावतीबाय म्हणू लागला. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत त्याने ज्यांच्या चढण्याला मानलं अशी दोनच माणसं होती, एक बाप आणि दुसरा वाळपईकडचा एक म्हातारा. आता ही तिसरी.

गणपती झाले आणि पुस्तक संपलं. संपलं म्हणजे तुटलं. खाली समुद्र, पुढे काळा ढग, इंजिनाचा आवाज बदललेला, आणि शेवटची ओळ अशी की मी खाली पाहिलं आणि. पुढे गौरेशने फाडलेली कड.

देवकी चप्पल न घालता धावत सुटली. गौरेशने हात वर केले. पानं गेली होती कुठे कुठे, चण्यांबरोबर, जिऱ्याबरोबर. मग ती घरोघर गेली. कोणाच्या फळीखाली, कोणाच्या तांदळाच्या डब्यावर, पाव विकणाऱ्या पोदेराच्या टोपलीच्या तळाशीही हात घालून आली. दिवसभर फिरून एक पान मिळालं आणि त्यावर विमानाच्या तेलाचा हिशेब होता. तिन्हीसांजेला ती घरी आली तेव्हा बाबुराव भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मेली ती," तो म्हणाला. "वयर गेलेला माणूस एक दिवस पडताच."

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पेज तशीच निवली. तिसऱ्या दिवशी देवकी परसात भांडी घासत होती. अचानक तिने हातातलं तपेलं खाली ठेवलं आणि राखेच्या हातांनीच आत आली.

"आयकलंत? ती मेली, मगे ह्या बरयला कोणी?"

बाबुरावने मान वळवली.

"विमान समुद्रात गेला असता तर पुस्तक खंयसून येतला? घराक येवन बसली, कागद घेतलान, मगे बरयलान. परत इली ती."

बाबुरावच्या पोटातून हसू आलं. कंबर दुखत होती तरी थांबेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. लिहिणारी परत आल्याशिवाय पुस्तक होत नाही, हे सातवी पास माणसाच्या जे ध्यानात आलं नव्हतं ते दुसरीपर्यंत गेलेल्या बाईच्या आलं होतं. देवकीही हसली आणि त्या हसण्यातच, जणू तांदूळ आणायला जाते असं सांगावं तशी, म्हणाली,

"ह्या वर्सा देवीच्या माडार मी चडतलंय."

हसणं थांबलं.

पुढचे दोन दिवस त्या घरात काय बोलणं झालं ते वाड्याला कळलं नाही. भिंतींना कळलं असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळा वाडा झोपलेला असताना बाबुराव काठी टेकत जनेलापाशी आला, कदेल ओढून तिच्यावर बसला आणि परसातल्या सर्वांत ठेंगण्या माडाकडे बोट केलं. देवकीने लुगड्याचा काष्टा आवळला. पायात काथ्याचं कडं घातलं. हातभर चढली आणि सालं निघालेल्या गुडघ्यांनी खाली आली.

"मिठी मारू नको," आतून आवाज आला. "प्रभावतीबाय काय सांगता?"

रोज दुपारी हेच. आश्विन गेला, कार्तिक गेला. तळव्यांना आधी फोड आले, मग घट्टे. मांड्यांच्या आतल्या बाजूला रक्त साकळायचं, ती खोबरेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायची. कधी अर्ध्यावर पाय लटपटायला लागले की ती डोळे मिटून त्या छायाचित्रातली बाई आठवायची, पंख्यावर निवांत टेकलेला तो हात. माणसाचा हात इतका निवांत असू शकतो याचंच तिला नवल वाटायचं. मार्गशीर्षात ती परसातल्या उंच माडाच्या शेंड्यापर्यंत गेली, पण सालीवरची नजर न हलवता तशीच खाली उतरली.

मार्गशीर्ष सरता सरता कृष्णनाथबाब आले. ते देवस्थानचे वडीलधारे, सत्तरीचे, सडसडीत, कडक. ते दारात आले की लोक बसलेले उठत. खाटेजवळ बसून त्यांनी बाबुरावची विचारपूस केली आणि मग मुद्द्यावर आले.

"बाबू, जत्रेच्या माडाचा हळर्णच्या पाडेल्याक सांगूचा म्हणतंय. तुझी हरकत नाय मरे?"

बाबुरावने तोंड उघडण्याआधी आतल्या दारातून आवाज आला.

"हरकत असा, बाब. मान घरचो. घरात मी असंय."

कृष्णनाथबाबना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले. "बायलमाणूस? देवीच्या माडार?"

"देवी काय पुरुस असा?" देवकी म्हणाली. म्हणून झाल्यावर स्वतःच घाबरली आणि पदर डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी वाड्यावर दुसरा विषय नव्हता. आदल्या दोन वर्षांत राजभाषा कोकणी की मराठी यावरून चहाच्या दुकानातली बाकं आपटून आपटून मोडायला आली होती. राज्य झालं, भांडण विझलं, आणि लोकांना काहीतरी हवंच होतं. पुरुष बहुतेक विरुद्ध. बायका मात्र देवकीकडून, आणि त्याचं कारण लक्ष्मीने विहिरीवर सगळ्यांदेखत सांगितलं. माडावरून सगळ्यांची परसं दिसतात, न्हाण्या दिसतात, म्हणून बाबू चढायच्या आधी हाळी द्यायचा आणि आम्ही अर्ध्या अंघोळीतून आत पळायचो. देवकी चढली तर पळायला नको.

शेवटी ठरलं की देवीलाच विचारायचं. कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जत्रेच्या सकाळीच कौल. देवकीने माडाच्या बुंध्याशी थांबायचं, सोबतीला लक्ष्मी. उजवा कौल झाला तर घंटा वाजेल, घंटा ऐकली की चढायचं. हळर्णचा पाडेलीही कोयता घेऊन ओसरीवर बसून होता.

सगुण गुरवाने पाकळ्या लावल्या आणि सगळ्यांना बजावलं की कौल मिळेपर्यंत घंटेला कोणी हात लावायचा नाही. सभामंडप गच्च भरला होता. बाबुराव खांबाला टेकून काठीवर भार देऊन उभा. घटका गेली, पाकळी हलेना. उन्हं मंडपाच्या पायरीवरून आत आली, पाकळी हलेना. लोकांचे पाय अवघडले, पोरं आयांच्या खांद्यावर झोपली. सगुण गुरव डोळ्यांची पापणी न हलवता बसून होता. देवीच्या मनात काय आहे हे कोणालाच कळत नव्हतं.

कृष्णनाथबाब पहाटेपासून उपाशी होते. त्यांचा घसा कोरडा पडला. ते हळूच बाहेर गेले, तळीवर चूळ भरली, पाय धुतले आणि परत आत आले. साठ वर्षं ते या देवळाचा उंबरठा ओलांडत होते. उंबरठ्यावर पाऊल आणि घंटेवर हात हे त्यांच्या अंगात वेगवेगळं नव्हतंच.

घंटा वाजली.

मंडपातली सगळी डोकी वळली. कृष्णनाथबाबही वळले, घंटा कोणी वाजवली ते बघायला. मग त्यांना आपला वर गेलेला हात दिसला.

कोणी काही बोलायच्या आत लक्ष्मी दारात येऊन उभी राहिली. धाप लागली होती, पण आवाज हळू. "चडली," म्हणाली.

अख्खा मंडप देवळामागे लोटला. देवकी बरीच वर पोचली होती. कृष्णनाथबाबनी हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा सगुण गुरवाने त्यांचा दंड धरला. माडावरच्या माणसाला खालून हाक मारायची नाही, एवढं पार्सेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दीड-दोनशे माणसं माना वर करून गप्प उभी राहिली. काथ्याचं कडं सालीवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. कडं वर सरकायचं, गुडघे उघडायचे, अंग वर जायचं. हात सैल, पाठ माडापासून सुटलेली. वाऱ्याने माड झुकायचा तेव्हा बायका एकमेकींचे हात धरायच्या. ती थांबायची, माड सरळ होऊ द्यायची आणि पुन्हा निघायची. हळर्णचा पाडेली कोयता खाली ठेवून बघत होता. अशी चढण त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

बाबुराव सगळ्यांच्या शेवटी काठी टेकत आला. तो या माडावर अठरा वेळा चढला होता, पण खालून कधी कोणाला चढताना त्याने पाहिलं नव्हतं. आपण इतकी वर्षं काय करत होतो आणि घरी वाट बघणारी बायको तेव्हा काय सोसत असेल, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

वर देवकी झावळ्यांच्या बेचक्यात जाऊन बसली. आधी तिने डोळे मिटून श्वास घेतला. मग उघडले. पश्चिमेला समुद्र होता, एक सपाट चकाकती पट्टी, नजर पोचेल तिथपर्यंत. नदीचं वळण, पलीकडचे डोंगर, कौलांचे लाल तुकडे. आणि सगळीकडे, पायांखाली, हिरव्या चांदण्या. ती रडायला लागली. तिला वाटलं की हे सगळं आपल्या डोक्यावर नुसतं पडून होतं आणि आपण खाली पाणी भरत होतो. याच्याही कितीतरी वरून, एकटीने, समुद्र ओलांडत गेलेल्या त्या बाईला तिने मनातल्या मनात हात जोडले. प्रत्यक्षात हात जोडणं शक्य नव्हतं.

मग तिने डोळे पुसले, चांगला भरलेला घोस निवडला, दोरी बांधली, कोयता चालवला आणि घोस हळूहळू खाली सोडला.

घोस जमिनीला टेकता कामा नये. खाली झेलायला नेमलेली माणसं कौलानंतर यायची होती, त्यामुळे झेलायला कोणीच नेमलेलं नव्हतं. घोस खाली येत होता आणि जो तो एकमेकांकडे बघत होता. बुंध्याच्या सर्वांत जवळ कृष्णनाथबाब उभे होते. घोस छातीपर्यंत आला तेव्हा त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. बारा नारळांचा घोस त्यांच्या हातात विसावला. वरून दोरी सुटली.

देवकी उतरली. माडाच्या बुंध्याला कपाळ टेकवून तिने लक्ष्मीला विचारलं, "कौल कितक्या वेळान लागलो?"

लक्ष्मीने इकडेतिकडे पाहिलं. मग खरं काय ते सांगितलं.

देवकीचा चेहरा पांढरा पडला. ती खालीच बसली. "देवीक विचारल्याशिवाय चडलंय मी?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मान राहील की जाईल याची भीती तिला सहा महिने होती, पण ही भीती निराळी होती.

सगळे परत मंडपात आले. गाभाऱ्यात दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या.

"खंयची पयली?" कृष्णनाथबाबनी विचारलं.

"बगूक हंय होतो कोण?" सगुण गुरव म्हणाला. "मीसुद्धा भायर."

कृष्णनाथबाब घोस घेऊन देवीपुढे उभे राहिले. घोस खाली ठेवता येत नव्हता, कारण तो देवीचा होता. आत देता येत नव्हता, कारण तो देवीने मागितला होता की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. दोघातिघांनी पुढे होऊन घोस धरायची तयारी दाखवली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. बराच वेळ ते देवीच्या तोंडाकडे बघत राहिले. देवळाच्या दाराशी, बायकांच्या मागे, देवकी डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

मग कृष्णनाथबाबनी घोस हातात ठेवूनच गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवीपुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. त्यात एकेक मानकऱ्याचं नाव येतं, त्याच्यासाठी काहीतरी मागितलं जातं, आणि सगळा गाव होकार भरतो. गावाचं नाव आलं, पालखीच्या मानकऱ्याचं आलं, ढोलवाल्याचं, दिवट्यावाल्याचं, गुरवाचं. प्रत्येक नावामागून मंडप भरून "व्हय म्हाराजा" उठत होतं. देवकी सवयीने प्रत्येकाला होकार भरत होती, ओठांतल्या ओठांत.

पाडेल्याचं नाव यायची वेळ आली आणि कृष्णनाथबाब थांबले. हातातला घोस त्यांनी जरा वर उचलला.

"आणि तुझ्या माडाचो मान सांबाळणारी ती देवकी," ते म्हणाले, "तिका हातापायांत बळ दी. वयर गेल्यार सुखरूप सकयल हाड."

मग खांबापाशी काठी आपटली आणि बाबुरावचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." त्यामागून सगळा मंडप म्हणाला. बायकाही म्हणाल्या, पुरुषांपेक्षा मोठ्याने. सगळ्या माना दाराकडे वळल्या.

देवकीने आजवर कितीतरी जणांच्या नावाला होकार भरला होता. आपलं नाव आलं की काय करायचं असतं, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. ती नुसती उभी राहिली.